थंडीत रोज सकाळी सायकल बसलेली: ट्यूब बदलण्याआधी टायर उलटा करून बघा

लक्षण असं. दिवाळी आटोपते, कपाशीची वेचणी जोरात असते, गारठा पडायला लागतो आणि कामावर जायची सायकल पहाटे भिंतीशी बसलेली सापडते. रात्री हवा टच्च होती. परवाच पंक्चर काढलं होतं. फार झालं म्हणून नवी ट्यूबही टाकली. चार दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. नशिराबाद, आसोदा, साकेगावकडून जळगाव-भुसावळला सायकलने येणाऱ्यांना हे काही नवीन नाही, आणि धुळ्यात अवधानच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणाऱ्यांनाही नाही. पावसाळ्यात हा ताप एवढा नसतो. नेमका दिवाळीपासून दत्तजयंतीला भरणारी सारंगखेड्याची यात्रा उलटून जाईपर्यंत जास्त.

दुकानदार ट्यूबला नावं ठेवतो, आपण रस्त्याला. बहुतेक वेळा ट्यूब चांगलीच असते. काटा टायरमध्ये राहिलेला असतो आणि पंक्चर काढताना टायर आतून कुणी बघत नाही. आमच्या रस्त्यावरचे म्हातारे पंक्चरवाले बाबा गिऱ्हाइकाच्या हातातली नवी ट्यूब बघूनच सांगतात, "ट्यूब चांगली शे भो, काटा टायरमा शे." पण तिथवर जाण्याआधी दोन साध्या गोष्टी बाजूला काढून टाकू, नाहीतर उगाच चाक खोलून बसाल.

हवा गेली की थंडीने कमी झाली?

खानदेशातली थंडी फसवी असते. दुपारी शर्टावर घाम येतो आणि पहाटे दात वाजतात. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा एक आकड्यावर येणं ही बातमी असली तरी आश्चर्य नाही. हवा गार झाली की टायरमधला दाब उतरतो. दुपारी ३० अंशांत ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला टायर पहाटे १० अंशांत साधारण ४६ दाखवेल. ट्यूबला काहीही झालेलं नसताना एवढा फरक पडतो. शिवाय कुठल्याही रबरी ट्यूबमधून थोडीथोडी हवा झिरपतच असते, म्हणून आठवड्याला एकदा हवा भरणं हे देखभालीतच धरा.

पण चार-पाच पीएसआय उतरल्याने टायर रिमला टेकत नाही. अंगठ्याने दाबल्यावर टायर थोडा नरम लागत असेल तर ती थंडी. पूर्ण चपटा झाला असेल तर छिद्र आहे, नाहीतर व्हॉल्व्ह गळतोय. मधली अवस्था असेल तर संध्याकाळी घरी आल्यावर हवा भरा, जेवणं झाल्यावर एकदा दाबून बघा, पहाटे पुन्हा बघा. झोपण्याआधीच नरम झाला तर छिद्र मोठं. पहाटेच नरम सापडला तर दुकानात ज्याला स्लो पंक्चर म्हणतात ते.

एक सवय मात्र बदला. हवा दुपारी पेट्रोलपंपावर भरण्याऐवजी सकाळी निघताना घरच्या पंपाने भरा. टायरच्या बाजूवर किती दाब हवा ते छापलेलं असतं. नरम टायरवर गतिरोधक घेतला की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते आणि मग काट्याशिवायही पंक्चर होतं. त्याची खूण पुढे सांगतो.

व्हॉल्व्हचा संशय

दुसरी गोष्ट दोन मिनिटांत कळते. टोपी काढा, बोटावर थुंकी घ्या, व्हॉल्व्हच्या तोंडावर लावा आणि थांबा. बुडबुडा फुगला तर चाक खोलायची गरज नाही.

काळ्या २८ इंची सायकलीला जुन्या पद्धतीचा व्हॉल्व्ह असतो. त्याच्या आतल्या पितळी नळीवर रबराची बारीक वालट्यूब चढवलेली असते. हे रबर ऊन, धूळ आणि वयाने कडक होतं, चिरतं आणि रात्रभर हवा सोडत राहतं. नवी वालट्यूब अगदी चिल्लर पैशांत मिळते. दर दिवाळीला बदला आणि एक जादा खिशात ठेवा. चढवताना रबर पुरतं खाली आलंय ना आणि वरची चकती घट्ट बसलीय ना, एवढंच बघा. मोटरसायकलसारखा व्हॉल्व्ह असलेल्या सायकलीत आतली पिन सैल झालेली असू शकते. ती आवळायची छोटी टोपी कुठल्याही टायरवाल्याकडे असते. धुळीचा एक कण अडकला तरी पिन नीट बसत नाही, म्हणून टोपी हरवू देऊ नका.

इथे काही सापडलं नाही तर बाह्या वर करा.

छिद्र कुठे आहे ते आधी बघा, मग बुजवा

आपल्याकडची सगळ्यात मोठी गफलत इथे होते. ट्यूब बाहेर काढली, घमेल्यात बुडवली, बुडबुडे दिसले, घासून ठिगळ लावलं, परत कोंबली. छिद्राने जे सांगायचं होतं ते कुणी ऐकलंच नाही.

टायर एका बाजूने उतरवण्याआधी व्हॉल्व्हच्या समोर टायरवर खडूने खूण करा. ट्यूब काढली की तिची कुठली बाजू डावीकडे होती तेही लक्षात ठेवा, चेनच्या बाजूला पेनाने रेघ मारली तरी चालेल. आता ट्यूबमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा भरा, म्हणजे बारीक छिद्रही उघडं पडेल, आणि मग पाण्यात फिरवा. पहाटेच्या थंडगार पाण्यात बोटं बधिर होतात आणि बारीक बुडबुडा नजरेतून सुटतो, म्हणून पाणी कोमट घ्या. छिद्र सापडलं की ट्यूब टायरवर खुणेप्रमाणे ठेवून बघा. ज्या जागी छिद्र पडतंय, टायरमध्ये त्याच जागी किंवा चारदोन बोटांच्या आत गुन्हेगार बसलेला असतो.

छिद्र बाहेरच्या अंगाला, म्हणजे रस्त्याकडे असेल तर काटा, तार किंवा काच. शेजारी शेजारी दोन छोट्या चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्डा किंवा गतिरोधक जोरात बसला. तिथे काटा शोधत बसू नका, हवा वाढवा. छिद्र आतल्या अंगाला, रिमकडे असेल तर रिमवरची रबरी पट्टी सरकली आहे आणि एखाद्या स्पोकचं डोकं वर आलंय. त्या डोक्यावर कानस फिरवा आणि नवी पट्टी टाका. पट्टी मिळाली नाही तर जुन्या ट्यूबची कड कापून ती रिमवर ताणून बसवली तरी काम भागतं.

आता टायर. हाताची बोटं आत फिरवा असं सगळे सांगतात. मी सांगत नाही, कारण तारेचं टोक बोटात घुसलं की त्याचा धडा आठवडाभर पुरतो. आपल्या मुलखात कापसाला काय तोटा! वेचणीच्या बोंडातला मूठभर कापूस घ्या, गोळा करा आणि टायरच्या आतून सावकाश पूर्ण फेरी मारा. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. जिथे तंतू अडकून उभे राहिले तिथे टोक आहे. डोळ्याला दिसणार नाही इतकं बारीक असलं तरी कापूस ते धरतो. मग टायर त्या जागी उलटा वाकवा, म्हणजे रबर ताणलं जाऊन भोक उघडतं. चिमट्याने ओढा. बाहेरून धरायला काही उरलं नसेल तर आतून सुईने बाहेर ढकला.

आणि एक काटा सापडला म्हणून थांबू नका. फेरी पुरी करा. थंडीत एका टायरमध्ये एकच काटा असणं हा अपवाद.

कुठला काटा?

हे जाणून घेण्यात नुसता षोक नाही, कारण काट्याच्या जातीवरून तो कुठे लागला हे कळतं आणि उद्या कुठून जायचं नाही हेही.

पहिला मान सराट्याचा. गोखरूही म्हणतात त्याला. पावसाळ्यात जमिनीला चिकटून पसरणारा, पिवळ्या पाच पाकळ्यांचा, दिसायला निरुपद्रवी वेल. त्याचं फळ पिकलं की पाच तुकड्यांत फुटतं आणि प्रत्येक तुकड्याला दोन मोठे, दोन छोटे काटे असतात. तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर राहतोच. जुलै-ऑगस्टमध्ये तो हिरवा असतो, पावसात जमीन मऊ असते, चाकाखाली आला तरी मातीत दबतो. दिवाळीनंतर तो वाळून कडक होतो, काळी जमीन आवळते, तुकडे सुटून बांधावर, गाडवाटेवर आणि रस्त्याच्या साईडपट्टीवर पसरतात. थंडीतच पंक्चर का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. याचा काटा आखूड असतो, म्हणून जाड टायरला बऱ्याचदा नुसतं टोक ट्यूबला लागतं आणि हवा हळूहळू जाते. तुकडा रस्त्यावर घासून मोडतो, टोक रबरात राहतं. ट्यूब तीन वेळा बदलली तरी पंक्चर त्याच जागी होतं ते यामुळे.

दुसरी बाभूळ. लांब, सरळ, पांढरट काटा, थेट आरपार. हा लागला की हवा वाटेतच जाते, त्यामुळे शोधायला सोपा. रब्बीत शेताला कूप घालायला बाभळीच्या फांद्या तोडून ओढत नेतात आणि गावापासून शेतापर्यंत काट्यांचा माग राहतो. वेड्या बाभळीचं वेगळं सांगायला नको, ती कुंपण न घालताच रस्त्याला आलेली असते. बोरीचा काटा बारीक. एक सरळ, एक वाकडा. बोरं पिकली की पोरं झाडं झोडपतात, आणि ज्या झाडाखाली सायकल लावून तुम्हीही दोन बोरं तोंडात टाकता तिथेच हा मिळतो.

तिसरी जात झाडाची नाही. सुरत-धुळे-जळगाव-भुसावळ हा ५३ नंबरचा महामार्ग धरून जात असाल तर फुटलेल्या ट्रकच्या टायरमधली पोलादी तार. केसाएवढी, इंचाचा तुकडा, डांबरावर दिसतच नाही. कापसाची युक्ती खरी याच्यासाठी आहे. डोळ्याने ती सापडणं जवळजवळ अशक्य.

आणखी एक ठिकाण लोकांच्या लक्षात येत नाही: भरीत पार्टी. रविवारी मळ्यात वांगी पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर भाजली जातात, कळण्याच्या भाकरी होतात, आणि सायकल दिवसभर बांधावर सराट्याच्या गालिच्यावर उभी असते. सोमवारी सकाळी टायर बसला की शिव्या मात्र महामार्गाला. मळ्यातून निघताना चाक फिरवून तळहाताने नाही, जुन्या चपलेने टायर झाडा. दहा सेकंदांचं काम आहे. टायर बदलला नाही तरी चालेल, पण हे चुकवू नका.

वाटेत सराटा टोचलेला दिसला आणि हवा अजून शाबूत असेल तर तो लगेच उपटायचा का? घर किंवा कारखाना जवळ असेल तर नको. काटा स्वतःच बूच बनून बसलेला असतो. पोचा आणि मग पाणी-पंप हाताशी असताना काढा. ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे छिद्र आतून बुजवणारा द्रव असेल तर गोष्ट उलटी: काढा आणि चाक दोन-चार वेळा फिरवा.

ठिगळ निघून येतं, ते का?

काटा निघाला, ठिगळ लागलं, तरी दोन दिवसांत कडेने हवा. याचंही थंडीशी नातं आहे. ठिगळ चिकटवायच्या सोल्युशनमधला द्रव उडून गेल्यावरच ते पकडतं, आणि गारठ्यात तो उडायला वेळ लागतो. दुपारी मिनिटभरात सुकणारं सोल्युशन पहाटे ओलंच राहतं, पाळीची वेळ झालेली असते आणि आपण ठिगळ दाबून मोकळे होतो. बोट लावलं तर चिकटू नये, नुसतं कोरडं लागावं, तोपर्यंत थांबा. ट्यूब आधी पुसून पूर्ण कोरडी करा, घासपेपरने चकाकी जाईपर्यंत घासा, घासलेल्या जागेला हात लावू नका. ठिगळाच्या कडा मधल्या भागापेक्षा जास्त दाबा, कारण सुटतं ते कडेने. शक्य असेल तर हे काम रात्री घरात, चुलीजवळ नव्हे, बसून करा. सोल्युशन पेट घेतं.

पुन्हा होऊ नये म्हणून

खर्च एकाच गोष्टीवर करायचा असेल तर मागच्या टायरवर करा. आपलं वजन तिथे जास्त, आणि पुढच्या चाकाने आडवा पडलेला काटा उभा केला की तो मागच्याला मिळतो. नक्षी झिजून गुळगुळीत झालेला टायर उन्हाळा काढेल, सराट्यापुढे टिकणार नाही. महागड्या ट्यूबपेक्षा जाड टायर कधीही बरा.

दुसरा उपाय जुनाच आहे: अस्तर. बाद झालेली ट्यूब घ्या, व्हॉल्व्ह कापून टाका, आतल्या कडेने उभी चिरा आणि ती पट्टी टायर आणि नव्या ट्यूबच्या मध्ये बसवा. दोन टोकं एकमेकांवर येतात तिथे कात्रीने तिरकी, पातळ करा, नाहीतर ती जाड कडच ट्यूबला घासून छिद्र पाडते आणि मग लोक म्हणतात अस्तराने पंक्चर वाढले. थोडी टाल्कम पावडर टाका. सायकल किंचित जड होते, कामावर जायला त्याने काही बिघडत नाही. बाभळीला हे थांबवणार नाही. सराट्याला बहुतेक वेळा थांबवतं.

सीलंटबद्दल माझं मत जरा राखूनच आहे. बारीक छिद्रांना ते खरंच बुजवतं, पण दूधचिकासारखं जे लॅटेक्सचं सीलंट मिळतं ते काळाने आत वाळतं, आणि जळगाव-भुसावळचा एप्रिल-मे त्याला फार दिवस ओलं ठेवत नाही. दिवाळीला भरायचं आणि हंगाम संपला की संपलं असं धरायचं असेल तर ठीक. काळ्या सायकलीच्या जुन्या व्हॉल्व्हमध्ये ते अडकून वालट्यूबची वाट लावतं, तिथे नकोच.

रस्त्यावर साईडपट्टीच्या मातीत उतरू नका. ट्रकच्या भीतीने आपण आपोआप डावीकडे सरकतो आणि थेट काट्यांत जातो. डांबराच्या कडेपासून हातभर आत, जिथे गाड्यांच्या चाकांनी रस्ता झाडून निघालेला असतो, तिथून सायकल चालवा. मागून येणाऱ्याला तुम्ही दिसलं पाहिजे, ही मात्र त्याची अट.

डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे सूर्य सातनंतर उगवतो. सातच्या पाळीचा माणूस सगळा रस्ता अंधारात कापतो. मागे लाल दिवा हवा, नुसतं रिफ्लेक्टर नको, कारण कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या हेडलाईटचा भरवसा नाही. पुढचा दिवा रस्त्याकडे झुकवा, म्हणजे खड्डाही दिसतो आणि बाभळीची फांदीही. गिरणा-तापीच्या पुलांवर आणि केळीच्या बागांजवळ एखाद्या दिवशी दाट धुकं असतं, तेव्हा सरळ उशिरा निघा. कपड्यांचं थोडक्यात: वारा अडवणारं काहीतरी छातीवर, कानटोपी, आणि लोकरीचे नव्हे तर वारा न शिरणारे हातमोजे, कारण बधिर बोटांनी ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. मफलरची टोकं आत खोचा. परतताना ऊन असतं, तेव्हा हे सगळं ठेवायला कॅरिअरवर पिशवी लागेल. चेनला पंधरवड्यातून तेल द्या, पण जास्तीचं पुसून घ्या, थंडीतली कोरडी धूळ त्यावर लगेच बसते.

एवढं करूनही बसत असेल तर

ट्यूबच्या व्हॉल्व्हचं बूड बघा. हवा कमी असताना सायकल चालवली की ट्यूब टायरबरोबर हळूहळू सरकते आणि व्हॉल्व्ह रिमच्या भोकात तिरका उभा राहतो. मग बुडाशी रबर फाटतं. पाण्यात बुडबुडे येतात ते तिथूनच, पण व्हॉल्व्ह हलवला तरच. या जागी ठिगळ टिकत नाही, कुणी लावून दिलं तरी पैसे देऊ नका. इथे मात्र ट्यूब बदलायची, आणि बदलताना व्हॉल्व्ह सरळ उभा राहील असं बघून मग हवा भरायची.